सलूनच्या खुर्चीवरून टाळू बघणं: कारागिरांना काय शिकवावं, कुठे थांबवावं

शहाद्याच्या एका पार्लरचालक ताईंनी विचारलं आहे: तालुक्यातल्या सलून आणि पार्लरवाल्यांची एक बॅच काढायची आहे. केस गळणं, कोंडा, चाई, टाळूची खाज या तक्रारी ओळखायला आणि त्यांवर उपचार करायला शिकवायचं आहे. कोर्स किती दिवसांचा ठेवावा, टाळू मोठी करून दाखवणारं कॅमेऱ्याचं मशीन घ्यावं का, आणि कोर्स झाल्यावर 'हेअर अँड स्काल्प स्पेशालिस्ट' अशी पाटी लावता येईल का?

ताई, पाटीचं शेवटी बघू. मी जळगावला सलून चालवतो आणि एका त्वचारोगतज्ज्ञांना सोबत घेऊन कारागिरांची शिबिरं घेतो. त्या अनुभवावरून माझं मत सरळ आहे. कोर्सचा पाऊण वेळ बघण्यात आणि विचारण्यात घालवा. उपचारांना उरलेला पाव वेळ पुरतो, कारण सलूनमध्ये करण्यासारखे उपचार मुळातच थोडे आहेत. बघण्याची संधी मात्र आपल्याइतकी कोणालाच नाही. तेच डोकं दर महिन्याला, त्याच खुर्चीवर, त्याच उजेडात आपल्या हाताखाली येतं. मानेच्या वर रुपयाएवढी जागा रिकामी झाली तर ती ज्याच्या डोक्यावर आहे त्याला आरशात दिसत नाही, आपल्याला दिसते. हा फायदा बाटल्या विकण्यात घालवू नका.

सुरुवात केसाच्या आयुष्यापासून करा, पण तासाभरात उरका. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के वाढत असतात, बाकीचे विश्रांतीत. विश्रांतीतला केस ३ महिन्यांच्या आसपास गळतो आणि त्या जागी नवा येतो. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस जाणं हा आजार नव्हे. नवा केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. एवढे आकडे कारागिराच्या तोंडी बसले की पुरे.

या आकड्यांतून एक प्रश्न निघतो आणि माझ्या मते सगळ्या कोर्समध्ये तोच सर्वांत मोलाचा: तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, ऑपरेशन, उपासतापास करून झपाट्याने उतरवलेलं वजन, असं काही घडलं की बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि २-३ महिन्यांनी झुबक्याने गळतात. आपल्याकडे तापाची साथ श्रावण-भाद्रपदात येते आणि केस गळतात दिवाळीच्या पुढेमागे. मग गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "भाऊ, मन्हा केस गंज झडी ऱ्हायनात," आणि दोष देतं उटण्याला, नव्या शाम्पूला नाहीतर बोअरच्या पाण्याला. क्षाराचं पाणी केस राठ करतं, शाम्पूला फेस येऊ देत नाही, हे खरं. पण मुळातून केस पाडत नाही. अशा माणसाला तापाची आठवण करून द्यायची आणि सांगायचं की बहुतेकांची गळती सहा महिन्यांत आपोआप थांबते. त्याचा अर्धा घोर तिथेच उतरतो. सहा महिने उलटूनही थांबली नाही, तर डॉक्टर.

गळतोय की तुटतोय, हे दुसरं. पडलेला केस बोटावर घ्यायला लावा. टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळातून आला. गाठ नसेल आणि टोक फाटलेलं असेल तर तो मध्येच तुटला. तुटण्याची कारणं बऱ्याचदा आपल्याच दुकानात सापडतात: स्ट्रेटनिंग, ब्लीच, ओल्या केसांवर गरम मशीन. हे शिकवताना पार्लरवाल्या थोड्या गप्प होतात, होऊ द्या. ओढून बघायची चाचणीही घ्या. ५०-६० केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलक्या हाताने सरकवायची. सहाहून जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. त्याच दिवशी न्हायलेल्या डोक्यावर ही चाचणी फसते, कारण पडायचे ते केस न्हाणीतच पडून गेलेले असतात.

आता कॅमेऱ्याचं मशीन. पैसे घालवू नका. पडद्यावर टाळू मोठी दिसली की धडधाकट माणसालाही वाटतं आपलं काहीतरी बिघडलंय, आणि विकणाऱ्यांना तेच हवं असतं. सराफ वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, जळगावच्या सराफ बाजारात सहज मिळतं, आणि मोबाइलचा टॉर्च. केसांचे पाच-सहा ठिकाणी भांग पाडायचे: पुढे, माथ्यावर, दोन्ही कानांच्या वर, मागे, मानेजवळ. प्रत्येक भांगात एकच गोष्ट आधी बघायची: केस नसलेल्या जागी छिद्रं दिसतात का? छिद्रं असतील तर केस परत येण्याची आशा असते. जागा गुळगुळीत, चकचकीत, छिद्रं बुजलेली आणि आग होत असेल, तर मूळच मरतं आहे. असं डोकं त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलं पाहिजे, कारण तिथे गेलेला केस परत येत नाही. राहिलेले वाचवता येतात एवढंच.

वर्गात मी फोटो दाखवतो आणि अट घालतो की आजाराचं नाव घ्यायचं नाही, जे दिसतं तेवढंच बोलायचं. सुरुवातीला सगळे "फंगस, फंगस" ओरडतात. मग हळूहळू येतं: गोल जागा, कडा ठळक, पापुद्रे नाहीत, केस तुटलेले नाहीत, पूर्ण गेलेले. हे बोलता आलं की निम्मं शिक्षण झालं.

यात सर्वांत जास्त वेळ द्या चाई आणि पोरांच्या खवड्याला, कारण खेड्यात या दोन्हींची सर्रास गल्लत होते आणि दोन्हींवर नको ते लावलं जातं. चाई म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. किडा केस खात नाही आणि ती एकाची दुसऱ्याला लागतही नाही. जागा गोल, तुळतुळीत, स्वच्छ असते. कडेला मुळाशी बारीक आणि टोकाला जाड असे आखूड केस भिंगातून दिसतात. कधी नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डेही असतात. खवडा ही बुरशी. तिथे पापुद्रे असतात, केस टाळूलगत तुटून काळे ठिपके राहतात, खाज असते, मानेच्या मागे गाठी हाताला लागतात, आणि घरातल्या दुसऱ्या पोरालाही बहुधा तेच असतं. कधी तो सुजून लिबलिबीत होतो, पू येतो. करट समजून कोणी ते फोडायला जातं. ते कापायचं नसतं, दाबायचंही नसतं.

खवड्याला नुसतं मलम पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या आत शिरलेली असते. डॉक्टरांनी दिलेली पोटातली गोळी काही आठवडे घ्यावी लागते. मेडिकलमध्ये मिळणारी तीन-चार औषधं एकत्र केलेली मलमं तर लावूच नयेत असं ठासून सांगा. त्यांत स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, मग बुरशी पसरते आणि डॉक्टरांनाही ओळखू येईनाशी होते. नायट्याच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत देशभर हाच घोळ झालेला आहे.

चाईवर आपल्याकडे लसूण घासतात, गुंज उगाळून लावतात, काही जण बिब्बा लावतात. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि भाजलेल्या जागी व्रण राहिला तर चाईत परत आले असते ते केसही येत नाहीत. गुंज तर विषारीच. म्हाताऱ्या माणसांशी यावरून वाद घालू नका. "आजी, आठ दिवस काही लावू नका, आधी डॉक्टरांना स्वच्छ जागा दिसू द्या," एवढं बोललं की बहुतेक ऐकतात. चाईच्या पोराचे केस कापायला नकार देणारे कारागीर अजून आहेत. वर्गात सगळ्यांसमोर हे निकालात काढा: चाईवाल्याचे केस बिनधास्त कापायचे, आणि जागा झाकली जाईल असे कापायचे. खवडा असेल तर मात्र मशीन लावायचं नाही, डॉक्टरांसाठी चिठ्ठी द्यायची. लावून झालं असेल तर ब्रशने केस काढून पाती स्पिरिटने पुसल्याशिवाय पुढच्या डोक्याला लावायची नाही.

कोंड्याबद्दल कारागिरांचा सगळ्यात मोठा गैरसमज तेलाचा. कोंडा दिसला की चांगली तेल-मालिश करून देतात. कोंडा करणारी बुरशी टाळूच्या तेलावरच जगते, वरून ओतलेलं तेलही तिला चालतं. जळगाव-भुसावळच्या उन्हात टाळूला घाम, वर तेल, त्यावर रुमाल आणि हेल्मेट, मग दुसरं काय होणार? केटोकोनॅझोल २ टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस ३ ते ५ मिनिटं टाळूवर ठेवून, चार आठवडे. लोक लावतात आणि लगेच धुतात, म्हणून गुण येत नाही. धुऊन दाखवणं हे आपलं काम आहे आणि त्याचे पैसेही घ्या. एवढं करून थांबला नाही, किंवा पापुद्रे जाड, चांदीसारखे, कपाळाच्या केसरेषेच्या बाहेर आलेले असतील, तर कोपरं-गुडघे बघायला सांगा. तिथेही तसंच असेल तर सोरायसिस या त्वचारोगाची शक्यता, म्हणजे डॉक्टरांचं काम.

उवांसाठी फणी, ओल्या केसांतून, दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. पर्मेथ्रिन १ टक्का हे उवांचं औषध लावलं तरी ७ ते ९ दिवसांनी पुन्हा लावावं लागतं, कारण लिखा तोवर फुटतात. हे सोपं आहे. पण कपाशीच्या पट्ट्यात एक धोका वेगळा आहे: फवारणीचं औषध घरात असतं आणि उवा मारायला तेच पोरीच्या डोक्याला चोळलं जातं. टाळूतून ते अंगात भिनतं. तसं करणारं घर कळलं तर तिथे भीड ठेवू नका. लावून झालं असेल आणि पोरीला मळमळ, लाळ, चक्कर असेल, तर डोकं साबणाने धुऊन थेट दवाखाना.

पुरुषांच्या दुकानात आणखी दोन गोष्टी दिसतात. मानेवर केसरेषेशी बारीक टणक पुळ्या, ज्या हळूहळू जाड गाठी होतात. त्यावर झिरो मशीन आणि वस्तरा फिरवत राहिलं की वाढतात. गिऱ्हाईक "अजून बारीक कर" म्हणत असतं आणि आपण करतो. थांबा, मान थोडी लांब ठेवा, दाखवायला पाठवा. दुसरी गोष्ट नाजूक. भुवया कडेने विरळ, कानाची पाळी जाड आणि गाठाळ, चेहऱ्यावर फिकट चट्टा ज्यावर वस्तरा फिरलेला कळत नाही. हा कुष्ठरोग असू शकतो. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहे आणि वेळेवर घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. पण दुकानात हे नाव तोंडातून काढायचं नाही, ओळखीपाळखीतही नाही. "इथे जरा बधिर लागतंय, सरकारी दवाखान्यात दाखवून या," बस.

शहादा, तळोदा, धडगावकडच्या तुमच्या बॅचला एक गोष्ट मी आवर्जून सांगेन. फिकट, दमलेली, केस गळणारी बाई आली की पार्लरमधून लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक देण्याची पद्धत पडते आहे. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तिथे रक्त कमी असण्याचं कारण लोहाची कमतरता असेलच असं नाही, आणि कारण न बघता लोह देत राहणं चुकीचं आहे. आधी रक्त तपासणी. पावरी किंवा भिलोरी बोलणारी एक तरी मुलगी बॅचमध्ये घ्या. तीन महिन्यांपूर्वीचा तो प्रश्न मराठीत विचारून उत्तर मिळत नाही.

जट घेऊन आलेली बाई हा वेगळाच विषय. खाली टाळूला जखमा, उवा, वर ओझ्याने मान दुखते. तिची तयारी नसताना कात्री लावू नका, नवरा किंवा सासू म्हणाली तरी नाही. भीती देवाच्या कोपाची असते आणि ती एका बैठकीत जात नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम करतात, त्यांना बोलवा. जट काढल्यावर टाळूची काळजी घेणं हे मात्र आपलं कौशल्य.

एकाच डोक्यापलीकडे बघायलाही शिकवा. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या बुलढाण्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत, काही दिवसांत लोकांची डोकी मोकळी व्हायला लागली होती. पाणी, शाम्पू, बुरशी, सगळ्यांवर संशय झाला. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. यातून कारागिराने घ्यायचं ते असं: एकाच गावची तीन-चार डोकी एकाच आठवड्यात तशीच तक्रार घेऊन आली, तर शाम्पू सुचवू नका, आरोग्य केंद्राला फोन करा.

उपचारांत आपल्या हद्दीत काय येतं ते सांगून टाकतो. नीट धुणं, फणी, घट्ट वेण्या आणि अंबाडे सैल करायला सांगणं, विरळ भांग झाकणारी कटिंग, टोप बसवणं, आणि रंग लावण्याआधीची चाचणी. काळ्या डायमध्ये आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या मालातही पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची काहींना ॲलर्जी होते. कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबायचं. लग्नसराईत कोणाला ४८ तास नसतात हे मला माहीत आहे. म्हणून नवरीला हळदीच्या आदल्या दिवशी नवा रंग लावायचाच नाही, हा नियम करा. केस सरळ-मऊ करणाऱ्या केराटिनच्या बाटल्यांवर फॉर्मल्डिहाइड आणि ग्लायऑक्सिलिक ऍसिड वाचायला शिकवा. पहिल्याची वाफ कारागिराच्याच छातीत जाते, दुसऱ्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

डर्मारोलर (बारीक सुयांचं चाक), पीआरपी (माणसाच्याच रक्तातला अंश काढून टाळूत टोचणं), कसलीही सुई, कसलंही स्टेरॉइड: नाही. काही दुकानांत रोलर सुरू झालेत. त्याने रक्त येतं, आणि कावीळ बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो. प्रत्येक दाढीला नवं ब्लेड हे आपण शिकलो. तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालावर फिरवणंही त्याच कारणासाठी बंद झालं पाहिजे.

बोलण्याचा सराव वेगळा घ्या. खेड्यातलं सलून म्हणजे चावडी, बाकावर पाच जण पेपर वाचत असतात आणि सगळ्यांचे कान खुर्चीकडे असतात. चाई असलेल्या मुलीची आई तर पाहुणे बघायला येणार म्हणून दारातूनच "कोणाला सांगू नका" म्हणते. कापड बांधताना कानाशी बोलायचं, किंवा दुकान रिकामं असताना बोलवायचं. आणि केस येतीलच असं वचन कोणालाही द्यायचं नाही. पुढचे केस आनुवंशिकतेने मागे सरकत असतील तर डॉक्टरांच्या औषधानेही फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, सुरुवातीला उलट गळती वाढल्यासारखी वाटते. हे आधी सांगितलेलं गिऱ्हाईक औषध मध्येच सोडत नाही.

डॉक्टरांकडे पाठवताना आपण द्यायच्या चिठ्ठीवर आजाराचं नाव नको. काय दिसलं, कधीपासून, घरात अजून कोणाला, आतापर्यंत काय लावलं, एवढंच लिहायचं. शेवटचं कलम डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडतं, कारण बिब्बा आणि मलम लोक त्यांच्यापासून लपवतात, आपल्यापासून नाही. चिठ्ठीमागे डॉक्टरांकडून कट, म्हणजे कमिशन, घेऊ नका. एकदा कट सुरू झाला की प्रत्येक डोक्यात आजार दिसायला लागतो.

दिवसांचं असं करा: दोन दिवस वर्ग, मग महिनाभर प्रत्येकाने आपल्या दुकानात बघितलेल्या डोक्यांची वही ठेवायची, मग एक दिवस वह्या घेऊन परत यायचं. तो तिसरा दिवस डॉक्टरांसोबत. खरं शिक्षण त्या दिवशी होतं, कारण डोकी आपापल्या गिऱ्हाइकांची असतात. बॅच पंधरापेक्षा मोठी नको. तुम्ही वीस-पंचवीस म्हणत असाल तर दोन करा.

पाटीचं आता. ट्रायकॉलॉजी, म्हणजे केस आणि टाळूचा अभ्यास, हा प्रकार नवा नाही, लंडनची ट्रायकॉलॉजिस्टांची संस्था १९०२ सालची आहे. पण तिथेही ट्रायकॉलॉजिस्ट म्हणजे डॉक्टर नव्हे. तीन दिवसांच्या आपल्या शिबिरावर 'स्पेशालिस्ट' लिहिलं तर गिऱ्हाईक औषध मागणारच, आणि नाही म्हणणं अवघड होऊन बसेल. 'टक्कल घालवा', 'नवे केस उगवा' असं तर कुठेही लिहू नका. औषधांच्या १९४५ च्या नियमांत शेड्यूल जे आहे. ज्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा औषधाला करता येत नाही त्यांची ती यादी, आणि टक्कल व नवे केस उगवणं दोन्ही तिच्यात आहेत. 'टाळू बघून मिळेल' एवढं लिहा. लोक त्यानेही येतात.

बॅच श्रावणात ठेवा. तेव्हा बरेच जण दाढी-कटिंग करत नाहीत, कारागीर मोकळे असतात. तोवर नंदुरबार किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन त्वचा विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून या, आणि चिठ्ठीचा नमुना तिथल्या डॉक्टरांकडूनच तपासून घ्या.